नेहमीची गोळी

आमच्या दुकानात पुरुष माणूस लघवीची तक्रार घेऊन आला, की मी त्याला फुटपाथवर असतानाच ओळखायचो. काउंटरवर बायका असतील तोवर तो बाहेर उभा राहून मोबाइल बघणार. गर्दी सरली की आत येणार, गरज नसताना एक साबण मागणार आणि मग आवाज खाली आणून म्हणणार, "काका, जरा जळजळतंय हो." आता अशा माणसाला ‘डॉक्टरकडे जा’ म्हणणारा केमिस्ट डोंबिवलीत कितीसे दिवस दुकान चालवेल? डॉक्टरकडे दोन तास बसायचं, चार लोकांत नाव पुकारलं जायचं, वर तो हातमोजा चढवणार. त्यापेक्षा मी परवडलो. सिप्रोच्या पट्टीतल्या सहा गोळ्या मी कात्रीने कापून द्यायचो, कागदाच्या पुडीत. तीन दिवसांत माणूस खूश. पुढच्या खेपेला तो फक्त "नेहमीची" म्हणायचा. अडतीस वर्षं मी हे केलं आणि अडतीस वर्षं लोकांनी मला त्याबद्दल मान दिला.

साठी उलटल्यावर ही तक्रार माझ्याकडेही आली. मी, परशुराम, स्वतःचं गिऱ्हाईक झालो. माझ्यासाठी तर पुडीचीही गरज नव्हती.

त्याची फळं घेऊन मी मे महिन्यातल्या एका सकाळी शीळफाट्याला अडकलो होतो. पुढे ट्रेलर, उजवीकडे टँकर, डावीकडे भिंत. अकरा वाजता घोडबंदर रोडच्या हॉस्पिटलात माझी प्रोस्टेटची बायोप्सी होती. मूत्राशयाखालची ही सुपारीएवढी ग्रंथी माझ्या पोटात लिंबाएवढी झाली होती, रक्ततपासणीत तिचा आकडा वाढला होता आणि कॅन्सर आहे की नाही ते तुकडा काढून बघायचं होतं. तुकडा काढायला सुई जाते ती गुदद्वारातून, मोठ्या आतड्याच्या भिंतीला भोक पाडून. आतड्यात अब्जावधी जंतू असतात. आपल्या जागी असतात तोवर ते घरचेच. सुईबरोबर ते प्रोस्टेटमध्ये आणि तिथून रक्तात शिरले तर मात्र माणूस तीन दिवसांत जाऊ शकतो. म्हणून आधी एक गोळी देतात. बहुतेक ठिकाणी तीच, सिप्रो. आणि म्हणूनच हॉस्पिटलच्या फॉर्मवर विचारतात, गेल्या सहा महिन्यांत अँटिबायोटिक घेतलंय का? कारण ज्याने घेतलंय, अर्धंमुर्धं घेतलंय, पुन्हापुन्हा घेतलंय, त्याच्या आतड्यातले गरीब जंतू मरून गेलेले असतात आणि ती गोळी पचवून बसलेले उरलेले असतात. त्याला ती गोळी देणं आणि न देणं सारखंच.

मी तीन आठवड्यांपूर्वीच सहा गोळ्या घेतल्या होत्या. फॉर्म भरताना मी ‘नाही’ सांगितलं होतं.

हे खोटं मी का सांगितलं, ते कळायला गाडीत कोण होतं ते कळायला हवं. गाडी चालवत होता सिद्धेश, माझा शेजारी तानाजी शेलार याचा मुलगा. मागे माझ्या शेजारी त्याची आई, गोदूबाई. तानाजी एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीतून रिटायर झालेला, साताऱ्याकडचा, मोठ्याने हसणारा माणूस. आमची दारं समोरासमोर. माझी बायको सगुणा चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी दिशा बंगळुरूला असते. तेव्हापासून रात्रीची भाकरी मला शेलारांकडून येते. मी नको म्हटलं तरी येते. सणाला पहिलं ताट माझं. गोदूबाई मला भावजी म्हणतात, आणि नुसतं म्हणत नाहीत, तसं वागवतात. मला दुसरं घर नाही.

तानाजी गेल्या मार्गशीर्षात वारला. कल्याणच्या एका हॉस्पिटलात त्याची हीच बायोप्सी झाली होती. दुसऱ्या रात्री थंडी वाजून ताप भरला, सहाव्या दिवशी सगळं आटोपलं. तिथले डॉक्टर सांगत होते, जंतू औषधाला दाद देत नाहीयेत. गोदूबाईंनी त्यातून काढलेला अर्थ असा की सुई घाणेरडी होती. मी तेव्हा तिथेच उभा होतो. "हॉस्पिटलांत काय काय चालतं, आपल्याला थोडंच दिसतं," असं मी म्हणालो.

तानाजीही नेहमीचीच गोळी न्यायचा. वर्षातून चार-पाचदा.

"भावजी, पानी पिऊ नगा आता," गोदूबाई म्हणाल्या. "पोचायला टाइम लागंल."

मी बाटली खाली ठेवली. सकाळी एनिमा घेऊन पोट रिकामं केलं होतं आणि ओटीपोटात आता तो ओळखीचा दाब सुरू झाला होता. असल्या प्रोस्टेटवाल्याला रस्त्यात गाडी अडकणं म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक. मी काचेतून बाहेर जागा शोधत होतो. जागा नव्हती.

"काका, एसी वाढवू का?" सिद्धेशने आरशातून विचारलं. "घामाघूम झालाय तुम्ही."

"राहू दे रे."

माझा बेत साधा होता. आत डॉक्टर एकटे भेटतील, तेव्हा दार लावून हळूच सांगायचं, की बाबा, मी गोळी घेतलेली आहे. ते काय ती व्यवस्था करतील. बाहेर कोणाला कळायचं कारण नाही. रात्रभर विचार करून मी इथवर आलो होतो आणि स्वतःवर खूश होतो.

"मी आत येनार हाय तुमच्यासंगट," गोदूबाई म्हणाल्या, जणू त्यांनी ऐकलंच. त्यांच्या मांडीवर तानाजीची फाइल होती, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली. "डॉक्टरला ही फायलच दावते. म्हनते, बगा, आमच्या मानसाचं काय झालं ते. ह्यांच्या टायमाला सुई नवी काढा, माझ्या डोळ्यादेखत फोडा."

"वहिनी, बाईमाणसाला तिथे आत घेत नाहीत."

"मग दारात बसते. दार उगडं ठेवायला सांगते."

सिद्धेश हसला. मला हसू आलं नाही.

"ह्ये घ्या, वाचा जरा," त्यांनी पिशवीतून कागद काढले. "वेळ हाय तर. इंग्लिस हाय समदं. सिद्देश म्हनतो, त्येंच्यावर तक्रार करायची तर कुटं चुकलं ते बोट ठिवून सांगाया पायजे. तुमच्याबिगर कोन सांगनार?"

मी कागद घेतले. न घेऊन काय करणार होतो? चौथं पान तो फॉर्म होता. निळ्या शाईत, माझ्या अक्षरात. तानाजीला इंग्रजी जमत नव्हतं म्हणून तो फॉर्म घेऊन दुकानात आला होता, आणि दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये मी काउंटरवरच भरून दिला होता. त्या प्रश्नापुढे माझं मोठं, टपोरं ‘NO’.

मला तो दिवस नीट आठवतो, विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला तरी. मी प्रश्न वाचून दाखवला. तानाजी म्हणाला, "तुमची ती गोळी असती ती? ती हाय का अँटिबायोटिक?" त्या महिन्यात औषध निरीक्षक आमच्या रस्त्यावर फिरत होता. चिठ्ठीशिवाय गोळ्या देणाऱ्या दोन दुकानांना नोटीस लागली होती. मी म्हणालो, "ती साधी लघवीची. तिचं नाव घेतलंस तर चिठ्ठी कोणाची म्हणून विचारत बसतील." तो बरं म्हणाला. मला माहीत होतं की नव्हतं? गोळी काय आहे ते माहीत होतं. तिने त्याच्या आतड्यात काय करून ठेवलं असेल, तेही पुस्तकात वाचलेलं होतं. त्याचा जीव जाईल हे मात्र माहीत नव्हतं, असं मी स्वतःला सांगतो. ते खरं असलं तरी त्याचा मला काडीचाही उपयोग होत नाही.

"सापडलं का काय?" गोदूबाईंनी विचारलं.

"हलत्या गाडीत वाचवत नाही, वहिनी."

"गाडी कुटं हलतीय?" त्या म्हणाल्या.

गाडी वीस मिनिटं तसूभर हलली नव्हती. मी कागद परत दिले आणि मांड्या आवळून बसलो. मागच्या आठवड्यात सिद्धेशने माझा फॉर्म त्याच्या मोबाइलवर भरला होता. त्याने तो प्रश्न मोठ्याने वाचला, गोदूबाई समोर भाजी निवडत होत्या, आणि माझ्या तोंडून ‘नाही’ निघून गेलं. ‘हो’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न कुठली आणि कोणाकडून. त्याच्या पुढचा, बाबांनीही घेतलेली का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. कदाचित त्याने काहीच विचारलं नसतं.

तेवढ्यात गाडीत फोन घणघणला. सिद्धेशचा मोबाइल गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता, आणि फॉर्मवर नंबर त्याचाच दिलेला.

"मी हॉस्पिटलमधून बोलतेय. परशुराम काकांचे नातेवाईक का?" एका मुलीचा आवाज चारी बाजूंनी आला.

"हो, मॅडम. शीळफाट्याला अडकलोय. येतोच आम्ही."

"चालेल. मला फक्त कन्फर्म करायचंय. काकांनी सहा महिन्यांत कुठलंही अँटिबायोटिक घेतलेलं नाही ना? घेतलेलं नसेल तर काल जी गोळी दिलीय, ती त्यांना आत्ता घ्यायला सांगा. एक तास आधी पोटात जायला हवी."

"नाही घेतलेलं, मी फॉर्म भरलेला ना," सिद्धेश म्हणाला. मग आरशात बघून, "काका, ती गोळी घ्या."

गोदूबाईंनी माझ्या पिशवीतून पाकीट काढलं, गोळी फोडून तळहातावर घेतली आणि मघाशी नको म्हटलेली बाटली स्वतःच उघडून पुढे केली. पांढरी, लांबट गोळी. मी अशा लाखभर मोजल्या असतील. ती गिळायची आणि गप्प बसायचं, एवढंच होतं. आत गेल्यावर डॉक्टरांना सांगता आलं असतं. पण दार उघडं राहणार होतं आणि दारात गोदूबाई बसणार होत्या. आणि मी मला ओळखतो. आत गेल्यावर मी म्हणालो असतो, आता कशाला, सगळे काही मरत नाहीत. तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या मी तेही पटवून घेतलं असतं.

मी मरायला घाबरलो. दुसरं काही नाही. लोक याला पश्चात्ताप म्हणतील तर मी नाकारणार नाही, पण त्या क्षणी ती निव्वळ भीती होती.

"मी घेतलंय," मी म्हणालो.

"काय, काका?" स्पीकर म्हणाला.

"अँटिबायोटिक. सिप्रो, पाचशे. तीन आठवड्यांपूर्वी. त्याच्या आधी होळीच्या सुमारास. दोन वर्षांत आठ-नऊ वेळा."

"कोणत्या डॉक्टरांनी दिलेलं?"

"कोणी नाही. माझं मेडिकल आहे."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "मग ती गोळी घेऊ नका, काका. आज बायोप्सी होणार नाही. आज फक्त स्वॅब घेऊ, आतड्यातले जंतू कशाला दाद देतात ते बघायला. चार-पाच दिवसांत रिपोर्ट येईल. मग डॉक्टर औषध बदलतील, नाहीतर सुई दुसऱ्या बाजूने घालतील. आधी का नाही सांगितलंत? हे फार रिस्की असतं. लोक दगावतात यात."

"हो," मी म्हणालो.

फोन बंद झाला. गोदूबाईंचा तळहात अजून माझ्यापुढे होता, गोळी तशीच.

त्यांनी ती गोळी डोळ्यांजवळ नेली आणि उलटीपालटी करून पाहिली. शिकलेल्या नव्हत्या, पण बावळट कधीच नव्हत्या.

"हीच की," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या शर्टाच्या खिशात सापडायची. कपडे धुताना."

मी मान डोलावली.

"तुमीच देत हुता."

"हो."

"त्या कागदावर काय लिवलंय मग? त्यांच्या?"

"नाही घेतलं, असं."

"कुनी लिवलं?"

"मी."

त्यांनी गोळी पाकिटात घातली, पाकीट माझ्या पिशवीत घातलं, पिशवीची चेन लावली. मग फाइल पोटाशी धरून त्या पलीकडच्या काचेतून बाहेर बघत बसल्या. बाहेर टँकरच्या चाकाशिवाय काही नव्हतं. सिद्धेशची दोन्ही हातांची बोटं स्टिअरिंगवर घट्ट आवळलेली होती. त्या गाडीतून तिघांपैकी कोणालाच कुठे जाता येत नव्हतं. कोणी ओरडलं असतं, मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांचे आभार मानले असते.

पंधरा मिनिटांनी मला राहवेना. "मला उतरायचंय," मी म्हणालो.

सिद्धेशने लॉक काढलं. मी ट्रेलर आणि भिंतीच्या सांदीत जाऊन उभा राहिलो, आणि लघवी होईना. हे प्रोस्टेटचं आणखी एक. गाडीत बसवत नाही इतकी लागते आणि उभं राहिलं की थेंब येत नाही. ट्रेलरचा क्लीनर वरून बघत होता. मी भिंतीला कपाळ टेकून उभा होतो, अडुसष्ट वर्षांचा केमिस्ट, आणि मागे एकदम हॉर्न सुरू झाले. ट्रॅफिक सुटला होता. वळून पाहिलं तर आमची गाडी जागेवर नव्हती.

मला वाटलं, बरं झालं. खरंच वाटलं. मग चालत पुढे आलो तर दोनशे पावलांवर ती कडेला उभी होती, मागचे दिवे लुकलुकत. मागचं दार माझ्यासाठी उघडं होतं. गोदूबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या.

मुंब्रा बायपासला सिद्धेशने तोंड उघडलं.

"काका, बाबांना माहीत होतं? ती कसली गोळी आहे ते?"

"नाही."

"त्यांनी तुम्हाला विचारलेलं?"

ह्या प्रश्नाला मी नाही म्हणू शकत होतो. विचारणारा तानाजी आता सांगायला येणार नव्हता.

"विचारलेलं," मी म्हणालो. "मी साधी म्हटलं."

त्यानंतर घोडबंदर रोड येईपर्यंत सिद्धेश फक्त गिअर बदलत राहिला. एकदा त्याने डोळ्यांवरून बाही फिरवली. गोदूबाईंचा अंबाडा मला मागून दिसत होता. तो जराही हलला नाही.

त्यांनी मला दारात सोडून जायला हवं होतं. मी तसं म्हणालोही, "मी जातो आता, तुम्ही निघा." गोदूबाई उतरल्या, माझी पिशवी त्यांनीच घेतली आणि लिफ्टकडे चालू लागल्या. सकाळी माणसाला घरून बरोबर आणलं होतं, तर पोचवायचं. बाईचा स्वभाव तो.

चौथ्या मजल्यावर एका सिस्टरने जुना फॉर्म रद्द करून नवा पुढे केला. अँटिबायोटिक घेतलं आहे, नाव, तारखा, डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय. मी सगळं भरलं आणि सही केली.

"इथे खाली बरोबरच्या माणसाची सही लागेल," सिस्टर म्हणाली. "तुम्ही का, मावशी? तुम्ही काकांच्या कोण?"

गेली चार वर्षं या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. दवाखान्यात, बँकेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या ते मोठ्याने द्यायच्या, ‘आमचे भावजी हायेत’. मी टेबलाची कड धरून उभा होतो.

"कोन न्हाई," गोदूबाई म्हणाल्या. "आमी ह्यांचं गिऱ्हाईक."

सिस्टरला ते काही कळलं नाही. ती हसली आणि म्हणाली, "बरं, साक्षीदार म्हणून करा."

गोदूबाईंनी पेन घेतलं. त्यांना सही म्हणजे पूर्ण नाव लिहायची सवय, एकेक अक्षर सुटं आणि सावकाश. त्यांनी माझ्या सहीखाली लिहिलं, गोदूबाई तानाजी शेलार. मधलं नाव लिहिताना त्यांचा हात थांबला नाही. मग त्यांनी पेन ठेवलं, माझी पिशवी खुर्चीवर ठेवली आणि लिफ्टपाशी उभ्या असलेल्या मुलाला म्हणाल्या, "चल रं."

दोघं गेली.

"या काका, पॅन्ट काढून डाव्या कुशीवर झोपा," सिस्टरने पडदा ओढत सांगितलं. "दोन मिनिटांचं काम आहे. आणि पाच दिवसांनी बायोप्सीला याल तेव्हा कोणालातरी बरोबर घेऊन या. एकट्याला आम्ही सोडत नाही. कोण येईल?"

मी कुशीवर वळलो. भिंतीकडे तोंड होतं.

"विचारून बघतो," मी म्हणालो.